ऑफ सीझनची मजुरी कोण देणार?

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये दुपारच्या चहाला एक बातमी या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरली. फ्रान्समधल्या 'वेस्ट' नावाच्या संशोधन-यंत्रानं प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, सलग १३३७ सेकंद धरून ठेवला होता. म्हणजे बावीस मिनिटं आणि वर सतरा सेकंद. होनिंगवर काम करणाऱ्या आमच्या गड्यानं कपातला शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "बावीस मिनिटं चाललं म्हणे. मग बाकीचं वर्ष काय झोपूलालंय काय ओ ते?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. तो काही चहाच्या वेळचाच नाही. सरकारी पैशाचा हिशेब मागणारे शहाणेसुरते लोकही हेच विचारतात, फक्त शब्द जरा इस्त्रीचे असतात. अणूंचं संलयन घडवू पाहणारी, म्हणजे हलके अणू जोडून सूर्यासारखी ऊर्जा काढू पाहणारी ही यंत्रं, टोकामाक असोत की स्टेलरेटर (प्लाझ्मा चुंबकांनी धरून ठेवणाऱ्या यंत्रांच्या या दोन जाती), कधी महिनोन् महिने तर कधी वर्षानुवर्षं बंद असतात. बंद यंत्रापायी पगार चालू, पंप चालू, खरेदी चालू. हा खर्च कशाला? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. खरा खर्च याच बंद काळात व्हायला हवा आणि तो उजळ माथ्यानं, हिशेबात ठळक दाखवून व्हायला हवा. विक्रमाच्या सेकंदांना टाळ्या मिळतात. त्या सेकंदांआधीच्या महिन्यांना निदान मजुरी तरी मिळाली पाहिजे.

हे पटायला आपल्याकडच्या माणसाला फ्रान्सला जायला नको. संकेश्वर, चिकोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात जो वाढला, त्याला 'हंगाम' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गव्हाणीत मोळी टाकतानाचा फोटो पेपरात येतो. त्याच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपन, त्याच्याही आधी रोलर पूजन. माझे मामा एका साखर कारखान्यात मिल फिटर होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायचो. धूर नाही, मळीचा वास नाही, उसाच्या गाड्यांची रांग नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कारखाना बुडाला. आत मात्र मिलचे रोलर उचलून बाहेर काढलेले, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला खर ब्रश घालून खरवडणं चाललेलं, बॉयलरच्या ट्यूबमध्ये पाणी भरून दाब देऊन कुठे पाझरतंय का ते बघणं चाललेलं. मामा म्हणायचे, "ऊस नोव्हेंबरात गाळतात, साखरेचा उतारा मे महिन्यात ठरतो."

संलयन-यंत्राचाही असाच हंगाम असतो. शास्त्रज्ञ त्याला 'मोहीम' म्हणतात, मला हंगाम हाच शब्द बरा वाटतो. त्या काही आठवड्यांत दिवसाला पाच-पंचवीस 'शॉट', म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याचे प्रयोग, घेतात, प्रत्येक शॉटला नंबर असतो. ब्रिटनमधलं 'जेट' १९८३ साली सुरू झालं आणि २०२३ च्या डिसेंबरात थांबलं, तोवर त्याच्या शॉटचा आकडा एक लाख पाच हजारांच्या पुढे गेला होता. पण दोन हंगामांच्या मधे काय होतं ते बातमीत येत नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आईच्या लोणच्याच्या बरणीनं सुरुवात करू. बरणी घासून, धुऊन, पुसून भागत नाही. ती कडक उन्हात वाळवायची, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्या धुरावर उपडी धरायची, आणि मग त्यात ओला हात घालायचा नाही. एक ओला चमचा गेला की सगळी बरणी बुरसते. टोकामाकची पोलादी बरणी अशीच आहे, फक्त आत लोणच्याऐवजी हायड्रोजनच्या भावंडांचा इतका विरळ वायू, की फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या 'इटर'सारख्या महाकाय यंत्रातही तो एका वेळी ग्रॅमभराच्या आसपासच असेल. तो तापवायचा पंधरा कोटी अंशांपर्यंत; सूर्याचा गाभा दीड कोटी अंशांचा. इतक्या थोड्या वायूत बाहेरचं काहीही मिसळलं की तो विझतो. आमच्या लेथच्या टूलवर जो इन्सर्ट असतो त्यात टंगस्टन असतं, तसलंच टंगस्टन या यंत्राच्या तळाला उष्णता सोसायला लावतात. त्याचे लाखात काही अणू जरी प्लाझ्मात शिरले तरी उष्णता प्रकाशाच्या रूपानं निघून जाते आणि खेळ संपतो.

आणि सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर पाणी. यंत्र दुरुस्तीला उघडलं की हवेतलं बाष्प भिंतीला चिकटतं. बेळगावच्या जुलै महिन्यात ज्याच्या कपाटातल्या चपलांना बुरशी आली आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. म्हणून हंगामाआधी पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि ते सगळं भांडं दीडशे-दोनशे अंशांवर अनेक दिवस भाजत ठेवायचं. हे झालं ऊन. नंतर आत थोडा वायू सोडून मंद विद्युत-झगमग पेटवतात, ती भिंतीवरचा उरलासुरला मळ सुटा करते. शेवटी बोरॉनचा एक अतिपातळ थर भिंतींवर चढवतात. तो ऑक्सिजनला धरून ठेवतो. माझ्या लेखी ही हिंगाची धुरी. आधी आतल्या भिंतीसाठी बेरिलियम ठरवलेल्या 'इटर'नं आता टंगस्टन घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही बोरॉनची सोयही आराखड्यात घालावी लागली.

गळतीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण ते माझ्या पोटापाण्याचं आहे. आम्ही हायड्रॉलिकचे मॅनिफोल्ड ब्लॉक, म्हणजे दाबाचं तेल वाटून देणारे धातूचे ठोकळे, बनवतो. ब्लॉक पाण्याच्या टाकीत बुडवायचा, आत हवेचा दाब द्यायचा, बुडबुडा दिसला की ब्लॉक बाजूला. बुडबुडा डोळ्याला दिसतो म्हणजे आमच्या हिशेबानं गळती बारीक. व्हॅक्यूमवाल्यांच्या हिशेबानं ते उघडं दार. ते आत निर्वात करतात, बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमची बारीक फवार मारतात आणि आत हेलियमचा एखादा अणू सापडतो का ते यंत्र बघत बसतं. फवारणी वरून खाली करायची, कारण हेलियम हलका. खालून सुरुवात केली तर तो वर चढतो आणि भलत्याच जोडावर आळ येतो. त्या उपकरणाला जी गळती सहज सापडते, तिच्यातून एक घन सेंटिमीटर हवा जायला साधारण तीस वर्षं लागतील. असे जोड एका यंत्रात शेकड्यांनी, हजारांनी. एकेक करून बघायचे.

त्यातली एक गंमत मला फार आवडते. कधीकधी गळती सापडतच नाही, तरी निर्वात टिकत नाही. मग कळतं की हवा बाहेरून येतच नाही, ती आतच कोंडलेली आहे. आंधळ्या भोकात बोल्ट आवळला की त्याच्या टोकाखाली चिमूटभर हवा अडकते आणि आट्यांमधून दिवसेंदिवस झिरपत राहते. यावर उपाय असा की बोल्टच्या मधोमध आरपार बारीक भोक पाडायचं. असा बोल्ट हातात घेतला तर वाटतं, कोणी माल वाया घालवला. आमच्याकडे आला असता तर मी रिजेक्ट केला असता.

मी रिजेक्ट न केलेल्या मालाचीही एक आठवण आहे. काही वर्षांपूर्वी एका ब्लॉकमध्ये दोन भोकं जिथे एकमेकांना छेदतात तिथली बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कड, नीट काढली गेली नव्हती. तांदळाच्या कणीएवढी. गिऱ्हाइकाच्या प्रेसवर तेलाच्या दाबानं ती सुटली आणि व्हॉल्वच्या स्पूलमध्ये अडकली. प्रेस दोन दिवस बंद. चूक आमची होती. घाईत तपासणी उरकली होती, कारण तपासणीचे पैसे त्या ऑर्डरच्या दरात धरलेच नव्हते. तेव्हापासून तपासणी म्हणजे कामानंतरची फुरसत असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती कणी येते.

जपानमधल्या नाका गावी 'जेटी-६० एसए' नावाचा टोकामाक आहे, युरोप आणि जपाननं मिळून बांधलेला. मार्च २०२१ मध्ये, पहिला प्लाझ्मा पेटवण्याआधीच्या चाचणीत, एका अतिवाहक (अतिथंड केल्यावर विजेला अडथळा न करणाऱ्या) कॉइलच्या जोडावरचं इन्सुलेशन दगा देऊन गेलं. ठिणगी पडली, हेलियम गळला. चूक एका जोडाची, पण मग तसल्या सगळ्या जोडांवर संशय. उकला, पुन्हा गुंडाळा, पुन्हा तपासा. पहिला प्लाझ्मा मिळाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. अडीच वर्षं! तिथे कोणी 'चालवून तर बघू' म्हटलं नाही, हे मला त्या यंत्राचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

आपल्या देशातही असं घडलेलं आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथला 'आदित्य' १९८९ मध्ये सुरू झाला. भारतात आखलेला आणि भारतात बांधलेला पहिला टोकामाक. पुढे 'एसएसटी-१' हा अतिवाहक चुंबकांचा टोकामाक आला. त्याची पहिली जोडणी जमली नाही. मग तो उकलला, मुख्य सोळा चुंबकं एकेक करून थंड केली, पूर्ण प्रवाह देऊन तपासली आणि नव्यानं जोडणी केली. २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा. तो हजार सेकंद चालावा अशी आखणी होती. प्रत्यक्षात मजल त्याच्या जवळपासही गेलेली नाही. टीका करणाऱ्यांना हा आकडा पुरतो. मला त्या सोळा चुंबकांचं कौतुक जास्त. ज्यानं कधी फसलेलं मशीन नट-नट सुटं करून परत बांधलं आहे, त्याला त्या कामाचं वजन कळेल.

आणि बंद काळ फळतो, याचाही दाखला आहे. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचं 'वेंडेलस्टाइन ७-एक्स' २०१८ च्या हंगामानंतर बंद झालं ते जवळपास चार वर्षं. आतल्या सगळ्यात तापणाऱ्या भागाला पाण्याच्या नळ्या बसवायच्या होत्या. आधी प्लाझ्मा शंभर सेकंदांच्या घरात टिकायचा. २०२३ च्या फेब्रुवारीत तो आठ मिनिटं टिकला. ती आठ मिनिटं कोणी शास्त्रज्ञानं त्या दिवशी काढली नाहीत, ती चार वर्षांत नळ्यांच्या जोडांवर वेल्डिंग करणाऱ्यांनी काढली.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आमच्या गावाकडचा. रात्री थ्री-फेज येते म्हणून बॅटरी घेऊन चिखलातून मोटर चालू करायला जाणारा येळ्ळूरचा शेतकरी विचारणार, तुमच्या सूर्याची वीज माझ्या पंपाला कधी? प्रामाणिक उत्तर: ठाऊक नाही, आणि इतक्यात नाही. २०२४ मध्ये 'इटर'नं स्वतःचंच वेळापत्रक पुढे ढकललं; संशोधनाचे हंगाम २०३४ पासून आणि खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये. तेही वीज बनवायला नव्हे. 'संलयनाची वीज आणखी तीस वर्षांनी' हा विनोद माझ्या तरुणपणापासून चालू आहे, आणि विनोद चुकला असं म्हणायला मी तयार नाही. त्या शेतकऱ्याच्या पंपाचे पैसे काढून टोकामाकला द्या असंही मी म्हणत नाही. पण एकदा देशानं हे यंत्र घ्यायचं ठरवलं, 'इटर'मध्ये भागीदार व्हायचं ठरवलं, तर मग अर्धवट करू नका. विहीर खणायची आणि मोट घ्यायची नाही, असं नको.

दुसरा आक्षेप हिशेबनिसांचा, आणि तो जास्त धोक्याचा. नवीन यंत्राला पैसे मंजूर होतात, कारण कोनशिला बसवता येते. फ्लँजचे सील, सुटे भाग, हेलियम, कॅलिब्रेशन, स्वच्छ खोलीतले हातमोजे यांना कोनशिला नाही. शिवाय अशी कामं टेंडरनं, सगळ्यात कमी दरवाल्याला. एल-वन पद्धतीत मी वीस वर्षं धंदा केला आहे. टेबल-खुर्च्यांना ती ठीक. पण गळती शोधण्याच्या कामात सगळ्यात स्वस्त माणूस म्हणजे जो फवार मारून पुढे जातो तो. त्याची चूक सापडते तेव्हा यंत्र उणे २६९ अंशांपर्यंत थंड झालेलं असतं, आणि ते पुन्हा गरम करून उघडायला आठवडे जातात.

साखर कारखान्यांनी या बाबतीत एक शहाणपण जपलं आहे, त्याचं श्रेय कामगार चळवळीला. हंगामी कामगाराला बंद काळात घरी बसवलं तरी रिटेन्शन अलाउन्स मिळतो. पूर्ण पगार नव्हे, पण नातं तुटत नाही. पुढच्या हंगामाला तोच पॅनमन, तोच फिटर परत येतो. संशोधन-यंत्रांवरच्या तंत्रज्ञांनाही हाच न्याय हवा. कंत्राट संपलं की माणूस गेला आणि त्याच्याबरोबर 'तो सात नंबरचा फ्लँज जरा लाडात येतो' हे ज्ञानही गेलं, हे परवडणारं नाही. माझी मागणी साधी आहे. देखभालीचा निधी बांधकामाच्या निधीपासून वेगळा काढा आणि तो टंचाईच्या वर्षी पहिल्यांदा कापू नका. या कामातली मुख्य माणसं कायम ठेवा. आणि प्रत्येक हंगामाआधी काय बिघडलं होतं, काय बदललं, काय तसंच सोडलं, हे लोकांना वाचता येईल अशा भाषेत जाहीर करा. विक्रमाची पत्रकं निघतात, दुरुस्तीचीही निघू देत. यानं बदनामी होत नाही. १९९६ मध्ये जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत कणांचा झोत अडकायला लागला आणि नळीत चक्क दोन बिअरच्या बाटल्या सापडल्या. त्यांनी ती गोष्ट लपवली नाही, आज ती जगभर सांगितली जाते आणि सर्नची पत तसूभरही कमी झाली नाही.

कोणी म्हणेल, हे अतिच नाजूक यंत्रांचं झालं. मग आपल्या शेजारचं कैगाचं अणुवीज केंद्र बघा. तिथे संलयन नाही, विखंडन, म्हणजे अणू फोडणं, आहे, पण नियम तोच. कैगाचं पहिलं युनिट सलग ९६२ दिवस चाललं आणि २०१८ च्या शेवटच्या दिवशी थांबवलं. आपण ९६२ चा आकडा पाठ केला. थांबवल्यानंतर काय तपासलं ते कोणी विचारलं? मीही नाही.

सीमाभागाचा यात काय संबंध, असं विचाराल. इथे कुठल्याही गोष्टीला 'ती कोणाच्या राज्यातली' हा प्रश्न आधी येतो आणि 'ती चालते का' हा नंतर. त्याला आता आपण सरावलो. पण उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे फाउंड्रीपासून हायड्रॉलिकपर्यंत आणि पलीकडे हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांपर्यंत जी हातोटी आहे, ती मायक्रॉनची आहे. 'इटर'भोवतीचं सुमारे ३८५० टनांचं पोलादी भांडं, क्रायोस्टॅट, भारतानं दिलं. ते सुरतजवळ हजिऱ्याला तुकड्यांत बनलं आणि फ्रान्सला जोडलं गेलं. बेळगावला उद्या अशी ऑर्डर येईल, असं मी म्हणणार नाही. पण गळती-तपासणी, निर्वात-जोडणी, स्वच्छ-जुळणी या कामाला माणसं लागतात आणि ती एका पदवीनं तयार होत नाहीत. आमच्याकडे आयटीआयहून येणारी पोरं मराठी शाळेतली असतात, काही कन्नड. मशीनवर हात बसला की त्यांना मागे सारणारा कोणी नाही. पण निर्वात-तंत्राबद्दल त्यांच्या हातात देता येईल असं मराठी किंवा कन्नड पुस्तक मी तरी पाहिलेलं नाही. हेलियमचा लीक डिटेक्टर त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. एका आयटीआयमध्ये असं एक उपकरण आणि ते चालवू शकणारा एक निदेशक, एवढ्यानं सुरुवात होते. भव्य काही नको, उद्घाटनाला मंत्री तर अजिबात नको.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वही घरी आणली. कारखान्यात कोणी मागितली नाही. ती आता माझ्याकडे आहे. ग्रीसचे अंगठे उमटलेली, प्रत्येक ऑफ सीझनला एक तारीख, कुठल्या मिलच्या बेअरिंगला किती क्लिअरन्स, रोलरांमधली ट्रॅश प्लेट किती सरकवली. त्यांच्या जागी आलेल्या पोरानं पहिल्याच हंगामात ट्रॅश प्लेट दोनदा बदलली, असं नंतर कानावर आलं. वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंय, "तीन नंबर मिल. आवाज वेगळा आला की लगेच थांबवणे." कसला आवाज, ते लिहिलेलं नाही.